विदेशी पक्षी-प्राणी पाळायचाय? बडोदेकरांसाठी पायरीपायरीने

ज्यांच्या मुलांनी सन कॉन्युर पोपटासाठी हट्ट धरलाय, ज्यांना वाढदिवसाला कुणीतरी डबीत घालून हिरवं कासव दिलंय, किंवा ज्यांच्याकडे आफ्रिकन ग्रे पोपट कित्येक वर्षं नांदतोय आणि ‘आता म्हणे नोंदणी करावी लागते’ एवढंच कानावर आलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी इथल्या आपल्या मराठी घरांत ओट्यावर पिंजरा टांगलेला असणं नवं नाही. पण आता पिंजऱ्यात येणारे प्राणी कुठल्या कुठून येतात, आणि त्यांच्यासाठीचा कायदाही नवा आहे. बऱ्याच जणांना तो माहीतच नाही. ज्यांना माहीत आहे त्यांच्यातल्याही अनेकांना वाटतं, की तो वाघ-सिंह पाळणाऱ्या शेठ लोकांसाठी असेल. तसं नाही. तीन हजारांचा लव्हबर्डसुद्धा त्यात येऊ शकतो.

आधी दोन मिनिटं कायद्याची

आपला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याचा सगळा रोख भारतात सापडणाऱ्या प्राण्यांवर होता. परदेशी प्राणी विमानतळावर कस्टम्सच्या हाती लागला तर लागला. एकदा का तो शहरात पोचला, की त्याला विचारणारं कुणी नव्हतं. एप्रिल २०२२ मध्ये सिलीगुडीजवळ रस्त्यावर कांगारू सापडले होते, हाडं वर आलेले, भुकेने अर्धमेले. ऑस्ट्रेलियातला प्राणी उत्तर बंगालच्या रस्त्यावर कसा आला, हा प्रश्न तेव्हा सगळ्यांनीच विचारला.

जून २०२० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने एक संधी दिली होती. तुमच्याकडे विदेशी प्राणी असेल तर स्वतःहून सांगा, ठरलेल्या मुदतीत सांगितलंत तर कागदपत्रं मागणार नाही, अशी. पुढे २०२२ च्या दुरुस्तीने हे कायद्यातच आलं आणि ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. कायद्याला जी नवी चौथी अनुसूची जोडली, तिच्यात ‘साइट्स’ या, वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांमधल्या प्रजाती आहेत. हा करार १९७३ चा, भारत त्यात १९७६ पासून आहे, आणि त्यात वनस्पती धरून ४०,००० च्या वर प्रजाती आहेत. त्यांतला जिवंत प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याने तो सरकारदरबारी नोंदवायचा. तो कसा नोंदवायचा हे सांगणारे नियम २८ फेब्रुवारी २०२४ ला आले.

आता कामाला लागू.

पहिली पायरी: पूर्ण नाव

प्राण्याचं शास्त्रीय नाव कळेपर्यंत पैसे देऊ नका. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. दुकानातलं नाव चालत नाही. ‘कलर पॅरट’, ‘लकी कासव’, ‘बेबी मंकी’ या नावांनी विकलं जाणारं काहीही असू शकतं. विकणाऱ्याला शास्त्रीय नाव रोमन लिपीत कागदावर लिहून द्यायला सांगा, घरी येऊन साइट्सच्या संकेतस्थळावरच्या यादीत शोधा. नाव लिहून द्यायला जो का-कू करतो त्याच्याकडून काही घेऊ नका.

नाव कळलं, की प्राणी तीन गटांपैकी एकात पडतो.

पहिला गट आपल्याच देशातल्या वन्यप्राण्यांचा. इथे नोंदणी वगैरे काही नाही, सरळ मनाई आहे. आपला नेहमीचा हिरवा राघू, गळ्याभोवती कंठ असलेला, हा कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पहाडी पोपटही तसाच. मैना, मुनिया, घोरपड, कुठलाही देशी साप, सगळं यात आलं. आजोबांच्या काळी प्रत्येक वाड्यात मिठू होता हे खरं, पण देशी पक्ष्यांचा व्यापार नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासूनच बंद आहे. २०११ मध्ये तर आपल्या गुजरातच्या उच्च न्यायालयानेच, पक्ष्यांना पिंजऱ्यात डांबणं म्हणजे बेकायदा कैद आहे, असं एका निकालात म्हटलं.

या गटात लोक सर्वांत जास्त फसतात ते तारा कासवाच्या बाबतीत. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं हे कासव घरात ठेवलं की बरकत येते, असं सांगून ते विकलं जातं. विकणारा वर ‘इम्पोर्टेड आहे’ असंही ठोकून देतो. हे कासव गुजरातच्याच कोरड्या, काटेरी झुडपांच्या मुलखात राहणारं आहे. पहिल्या अनुसूचीत आहे, आणि २०१९ पासून साइट्सच्या सर्वांत कडक यादीतही. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. कुणी भेट दिलं तरी घेऊ नका. देणाऱ्याला वाईट वाटेल, वाटू द्या.

दुसरा गट साइट्सच्या यादीतल्या विदेशी प्राण्यांचा. पाळता येतात, पण नोंदणी करूनच. मकाव, कॉन्युर, काकाकुवा, ॲमेझॉन पोपट, क्वेकर, हिरवा इग्वाना, बॉल पायथॉन, आफ्रिकेतलं मोठं सल्काटा कासव, ॲक्झोलोटल, मार्मोसेट आणि एकूणच माकडांच्या सगळ्या जाती यात येतात. त्यातही आफ्रिकन ग्रे आणि स्कार्लेट मकाव पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वांत कडक यादीत. ग्रे तिथे गेला २ जानेवारी २०१७ ला, कारण आफ्रिकेच्या जंगलांतून पकडून पकडून तो कित्येक भागांतून नाहीसा होत आला होता. मत्स्यालयवाल्यांसाठीही एक सूचना: आशियाई अरोवाना याच यादीत आहे. सिल्व्हर अरोवाना नाही. दोन्ही मासे लहानपणी एका नजरेत वेगळे ओळखू येत नाहीत, म्हणून अंगात बसवलेल्या मायक्रोचिपचा क्रमांक आणि प्रमाणपत्र याशिवाय आशियाई अरोवाना घेऊ नका.

तिसरा गट साइट्सच्या यादीत नसलेल्या विदेशी प्राण्यांचा. बजरीगार, कॉकाटील, झेब्रा फिंच, शुगर ग्लायडर हे इथले. यांना या नियमांखाली नोंदणी नाही. तरी बाहेरून आणायला आयात परवाना लागतोच, आणि प्राण्यांच्या छळाविरुद्धचा १९६० चा कायदा यांनाही लागू आहे. हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात प्राणी ठेवणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

आता घोळ कुठे होतो ते सांगते. आपल्याकडे दुकानात ‘लव्हबर्ड’ मागितला तर निम्म्या वेळा बजरीगार पुढे करतात. त्याला नोंदणी नाही. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. त्यांतला गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड यादीतून वगळलेला आहे, पण फिशर आणि मास्क्ड हे दोन लव्हबर्ड यादीत आहेत. ओळखायचं कसं? डोळा बघा. फिशर आणि मास्क्डच्या डोळ्याभोवती पांढऱ्या उघड्या कातडीचं जाड कडं असतं, गुलाबी चेहऱ्याच्या पक्ष्याला ते नसतं. पिंजऱ्यात हे पक्षी शेजारीशेजारी बसलेले असतात, भावही जवळपास सारखेच, आणि एकाला कागद लागतो, दुसऱ्याला लागत नाही. दुसरं उदाहरण ‘जावा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या राखाडी किंवा पांढऱ्या, लाल चोचीच्या पक्ष्याचं. फिंचच्या पिंजऱ्यात मिसळून ठेवलेला हा जावा स्पॅरो साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे.

आणि रिंगनेक. निळा, पिवळा, पांढरा रिंगनेक ‘फॉरेन’ म्हणून विकतात. शास्त्रीय नाव बघाल तर आपल्या राघूचंच निघेल. साइट्सच्या यादीतून ही जात वगळलेली आहे, त्याचा हवाला देऊन विकणारा म्हणेल की काही लागत नाही. पण आपल्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत ती आहे, आणि तिथे पिसांचा रंग लिहिलेला नाही. माझा सल्ला स्पष्ट आहे: रिंगनेक घेऊच नका, रंग कुठलाही असो.

दुसरी पायरी: विकणाऱ्याची झडती

शहरातल्या एका दुकानात मी ग्रेच्या पिल्लाची चौकशी करत उभी होते. कागद कुठले मिळतील असं विचारल्यावर गल्ल्यावरचा माणूस हसून म्हणाला, “बेन, आ तो अहींनुं ज ब्रीड छे, पेपरनी जरूर नथी.” म्हणजे इथेच पैदास झालेला आहे, कागद लागत नाहीत. हे वाक्य तुम्हालाही ऐकायला मिळेल, आणि ते चूक आहे. नोंदणीचा नियम प्राणी कुठे जन्मला यावर ठरत नाही, जातीवर ठरतो. शिवाय पहिल्या परिशिष्टातल्या जातीची पैदास करणाऱ्याला मुख्य वन्यजीव रक्षकांकडून ब्रीडरचा परवाना घ्यावा लागतो. म्हणजे ‘इथेच ब्रीड झालाय’ म्हणणाऱ्या ग्रेवाल्याला कागद कमी लागत नाहीत, उलट एक जास्त लागतो. तो मागा.

दुकानात शिरल्यावर आधी भिंतीकडे बघा. २०१८ च्या पेट शॉप नियमांनुसार दुकानाची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि ते प्रमाणपत्र दिसेल असं लावलेलं हवं. मग त्या प्राण्याची विकणाऱ्याच्या नावावरची नोंद मागा. तुमच्याकडे येण्याआधी प्राणी त्याच्या ताब्यात होता, म्हणजे नोंदणी त्यालाही चुकलेली नाही. त्याची नोंद असेल तर तुमची सोपी होते; नसेल तर त्याचं लफडं पैसे मोजून तुम्ही घरी आणताय.

पक्षी घेत असाल तर पायातली कडी नीट बघा. पैदास केंद्रात पिल्लू काही दिवसांचं असताना, बोटं अजून कडीतून सरकतात तोवर, बंद कडी घालतात. नंतर पंजा मोठा होतो आणि ती कडी निघत नाही. पक्षी हातात धरायला सांगा, कडी बोटाने हळूच फिरवून पूर्ण गोल तपासा. कुठे सांधा, फट, चिमट्याने दाबल्याची खूण दिसली तर ती नंतर घातलेली उघडी कडी आहे. उघडी कडी म्हणजे चोरीचाच माल असं नाही, पण तो पक्षी पिंजऱ्यात जन्मल्याचा पुरावा म्हणून तिचा उपयोग शून्य. बंद कडीवरची अक्षरं आणि आकडे मोबाइलने जवळून टिपा, तोच क्रमांक बिलावर घ्या. घरी आणल्यावर कडी कापू नका. ओळखीची खूण काढणं किंवा खोडणं हा वेगळा गुन्हा आहे. कडीमुळे पाय सुजला तर डॉक्टरकडून काढून घ्या, त्यांचं पत्र घ्या आणि वन विभागाला कळवा.

बिलावर काय काय हवं: शास्त्रीय नाव, संख्या, नर की मादी ठाऊक असेल तर ते, कडीचा किंवा चिपचा क्रमांक, विकणाऱ्याचं नाव-पत्ता, तारीख. नुसता ‘बर्ड – १ नग’ लिहिलेला चिठोरा फाडून द्या आणि नीट बिल मागा.

ऑनलाइन ग्रुपवरून, बसच्या पार्सलमधून येणारे प्राणी मी पूर्ण वर्ज्य मानते. भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात दोन दिवस प्रवास करून आलेलं पिल्लू जगलं तर नशीब, आणि ज्याने पाठवलं त्याचा नंबर पुढच्या आठवड्यात बंद झालेला असतो.

तिसरी पायरी: नोंदणी

प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत अर्ज करायचा. तो केंद्राच्या परिवेश २.० या पोर्टलवर भरतात आणि तो जातो राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे. आपल्यासाठी त्यांचं कार्यालय गांधीनगरला. तिथे खेटे घालायची गरज नाही.

बसण्याआधी एवढं जवळ ठेवा: ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, बिल, विकणाऱ्याच्या नोंदीची प्रत, प्राण्याचे समोरून आणि दोन्ही बाजूंनी काढलेले स्पष्ट फोटो, कडीचा जवळून फोटो, आणि तो जिथे ठेवणार त्या जागेचा फोटो. जागेचं मापही लिहून ठेवा. नाव भरताना शास्त्रीय नाव अक्षर न् अक्षर तपासा, स्पेलिंग चुकलं तर प्राणी भलत्याच प्रजातीचा होऊन बसतो. भरलेल्या अर्जाचा क्रमांक आणि पावती छापून फाइलला लावा. शंका असेल तर शहरातल्या वन विभागाच्या कार्यालयात फाइल घेऊन सरळ जा आणि विचारा. पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर ‘सर्टिफिकेट करून देतो’ म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका. अर्ज तुमच्याच लॉगिनने, तुमच्याच नावाने जायला हवा.

आधीपासून प्राणी असलेल्यांना सहा महिन्यांची मुदत होती, ती २८ ऑगस्ट २०२४ ला संपली. ज्यांची राहून गेली त्यांच्यात दोन प्रकार दिसतात. काही जण पिंजरा मागच्या खोलीत हलवतात आणि पाहुण्यांना सांगत नाहीत. काही जण घाबरून प्राणी कुणालातरी देऊन मोकळे होतात. दोन्ही वाईट. २०२० ची स्वयंघोषणेची पावती, जुनी बिलं, प्राण्याचे जुन्या तारखांचे फोटो, डॉक्टरच्या चिठ्ठ्या, जे असेल ते गोळा करा आणि स्वतःहून वन कार्यालयात जाऊन लेखी अर्ज द्या. पोच घ्या. प्रकरण किचकट वाटत असेल तर वकिलाला सोबत घ्या. शेजाऱ्याच्या तक्रारीवरून दारात आलेल्या अधिकाऱ्याला समजावण्यापेक्षा हे केव्हाही बरं. या तरतुदी मोडल्या तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

लोक विचारतात, माझ्या घरातल्या पक्ष्याशी सरकारला काय करायचंय? अमेरिकेत ओहायो राज्यात झेन्सव्हिल नावाचं गाव आहे. तिथे ऑक्टोबर २०११ मध्ये एका माणसाने आत्महत्या करण्यापूर्वी आपल्या खाजगी वाड्यातले पिंजरे उघडून दिले. अंधार पडत होता, वस्ती जवळ होती. पोलिसांना जवळपास पन्नास प्राणी गोळ्या घालून मारावे लागले, त्यांत १८ वाघ. कडक कायदा तिथे त्यानंतर, २०१२ मध्ये झाला. कॉन्युर आणि वाघ यांची बरोबरी मी करत नाही. पण कुठल्या घरात काय आहे याची यादी कुणाकडेच नसणं किती महाग पडतं, ते त्या गावाने बघितलं. मला विचाराल तर नुसती नोंदणीही कमीच आहे. बेल्जियम, नेदरलँड्सने सस्तन प्राण्यांची सरळ यादी केली, यातले पाळा, बाकीचे नाहीत. नेदरलँड्सच्या यादीत ३० जाती आहेत, जुलै २०२४ पासून. मार्मोसेटसारखा, कुटुंबकबिल्यात राहणारा प्राणी दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटा ठेवायला परवानगी असावी, हे मला पटत नाही. माझ्या मते आपल्याकडेही तशी यादी व्हायला हवी.

चौथी पायरी: घर आणि डॉक्टर

प्राणी आणण्याआधी डॉक्टर शोधा. गाय-म्हैस, कुत्रा-मांजर बघणारे पुष्कळ; सरपटणारे प्राणी आणि पोपट खरोखर जाणणारे थोडे. आणंदला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तासाभराच्या अंतरावर, हे आपलं नशीब. फोन करून विचारा, आमचा अमुक प्राणी तुम्ही बघाल का. उत्तर ‘नाही’ असेल आणि दुसरं कुणी सापडत नसेल तर तो प्राणी तुमच्यासाठी नाही.

आमच्या ओळखीच्या एका घरात इग्वाना होता. दिवाणखान्यात, काचेच्या पेटीत, पेटी खिडकीशी. भरपूर ऊन येतं असं ते कौतुकाने सांगायचे. जवळ जाऊन बघितलं तर खालचा जबडा सुजून बाहेर आलेला, मागचे पाय थरथरत होते, फांदीवर चढताना पकड सुटत होती. काकडी आणि कोशिंबिरीचा पाला एवढंच खाणं. काचेतून ऊन दिसतं, ऊबही लागते, पण कॅल्शियम अंगी लागण्यासाठी जो अतिनील किरणांचा भाग लागतो तो काच अडवते. हाडं मऊ पडत जातात. त्याला रोज दहा-बारा तास यूव्हीबी दिवा लागतो, तो दिवा जळत असला तरी काही महिन्यांनी त्यातले किरण मंदावतात म्हणून बदलावा लागतो, आणि पूर्ण वाढल्यावर शेपटीसकट पाच फुटांचा प्राणी वावरेल एवढी जागा लागते. दुकानात तो तळहातावर मावत होता.

वयही बघा. बॉल पायथॉन वीस-तीस वर्षं जगतो, आफ्रिकन ग्रे चाळीस-पन्नास, सल्काटा कासव त्याहूनही जास्त. साठीच्या माणसाने ग्रेचं पिल्लू घेतलं तर पुढे त्याला कोण सांभाळणार, हे घरात बसून ठरवलं पाहिजे, आणि ज्याने हो म्हटलं त्याला आत्तापासून त्या पक्ष्याची सवय लावली पाहिजे.

बडोद्याचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो आणि उत्तरायणात गच्चीगच्चीवर भोंगे आणि फटाके असतात. त्या दोन दिवसांत पिंजरा आतल्या खोलीत, अर्धा झाकून. कासवं आणि सरडे हाताळल्यावर साबणाने हात धुवा. सॅल्मोनेलाचे जंतू त्यांच्या अंगावर सहज असतात. पाच वर्षांखालची मुलं आणि कासव एकत्र नकोच. अमेरिकेने चार इंचांहून लहान पाठीची कासवं विकायला १९७५ मध्येच बंदी घातली, ती याच कारणाने.

पाचवी पायरी: जन्म, मृत्यू, देवाणघेवाण

नोंदणी एकदा करून संपत नाही. पिल्लं झाली, प्राणी मेला, कुणाला दिला, प्रत्येक वेळी पोर्टलवर कळवायचं, आणि रेंगाळायचं नाही. मेला तर परसात पुरून टाकण्याआधी डॉक्टरला दाखवा आणि शवचिकित्सेचा अहवाल घ्या. भाच्याला पक्ष्यांची जोडी दिलीत तर त्याच्याही नावावर नोंद व्हायला हवी. घरातल्या घरात असलं म्हणून सूट नाही.

सहावी पायरी: सांभाळणं जमलं नाही तर

इथे मी हात जोडून सांगते, विश्वामित्रीत, सुरसागरात किंवा कुठल्याच तळ्यात सोडू नका.

सगळ्यात जास्त सोडलं जातं ते लाल कानाचं कासव, म्हणजे डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं ते हिरवं पिल्लू. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडंसं मोठं घेतलेलं कासव काही वर्षांत जेवणाच्या ताटाएवढं होतं, पाणी घाण करतं, आणि मग घरातलं कुणीतरी म्हणतं की मुक्या जीवाला मोकळं करू, पुण्य लागेल. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. ते काहीही खातं, ऊन खायची जागा बळकावतं, रोग घेऊन येतं. आपल्या विश्वामित्रीत मगरींबरोबर मऊ पाठीची देशी कासवं आहेत, त्यांच्या तोंडचा घास जातो. पाप-पुण्याच्या हिशेबातच बोलायचं तर तुम्ही एका कासवाला सोडून दहांना उपाशी ठेवलंत. पकडून विकलेले पोपट विकत घेऊन उडवणं हेही तसंच, विकणारा उद्या दुप्पट पकडून आणतो. कायद्यात आता असल्या परक्या, आक्रमक प्रजाती बाळगण्यावर आणि त्यांच्या प्रसारावर बंदी घालण्याचे अधिकार केंद्राकडे आले आहेत.

मग करायचं काय? ज्याच्याकडे खरोखर जागा आणि अनुभव आहे असा माणूस शोधा, हस्तांतराची नोंद करा, द्या. तसा कुणी नसेल तर वन विभागाकडे लेखी अर्ज करा. मालकीचं प्रमाणपत्र असलेल्यांना आपला प्राणी स्वखुशीने मुख्य वन्यजीव रक्षकांकडे सुपूर्द करण्याची सोय कायद्यात आहे. त्याचे पैसे मिळत नाहीत. सयाजीबागेतल्या प्राणिसंग्रहालयाच्या फाटकाशी पिशवी ठेवून पळून जाणं हा उपाय नाही. महाराजांनी १८७९ मध्ये उभारलेली ही जागा आता केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या नियमांनी चालते. कुठून आला, कुठला रोग घेऊन आला हे ठाऊक नसलेला प्राणी आत घेणं म्हणजे आतल्यांना धोका.

सातवी पायरी: पुराची तयारी

ही पायरी इतर शहरांतल्या लेखांत सापडणार नाही, पण बडोद्यात ती हवीच. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री शहरात शिरली तेव्हा मगरी सोसायट्यांच्या आवारात आल्या होत्या. सापांचीही तीच गत. अशा दिवसांत पाण्यातून वाहत आलेला पायथॉन विषारी नसतो, हे काठी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला कोण सांगणार?

जूनच्या आत प्रत्येक प्राण्यासाठी वाहून नेता येईल असा कडी-कुलपाचा पिंजरा किंवा पेटी घ्या आणि त्यात शिरायची सवय लावा. पाणी गुडघ्यापर्यंत आल्यावर मकाव ऐकत नाही. तळमजल्यावर राहत असाल तर वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा. नोंदणीची प्रत आणि प्राण्याचे फोटो मोबाइलवर असू द्या, छापील प्रत पिशवीत. चार दिवसांचं खाणं वेगळं काढा. यूव्हीबी दिवा वीज नसताना निरुपयोगी आहे, म्हणून सरड्यांसाठी गरम पाण्याच्या बाटल्या आणि जुनी ब्लँकेटं हाताशी ठेवा. जखमी प्राण्यासाठी १९६२ हा करुणा ॲम्ब्युलन्सचा नंबर फोनमध्ये साठवा. आणि प्राणी निसटलाच, तर लपवू नका. लगेच वन विभागाला कळवा, सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाका, तो विषारी आहे की नाही, चावतो की नाही, काय दाखवलं तर जवळ येतो, हे चार ओळींत लिहा, मराठीतही आणि गुजरातीतही.